बोया सरकारचा, दर्या कोणाचा?

समुद्रात सोडून दिलेल्या तरंगत्या बोयांचा आणि चळवळीच्या वाचकांचा काय संबंध, असे कोणी विचारील. विचारणाऱ्याचे चुकले असे आम्ही म्हणणार नाही. वर्तमानपत्रांत समुद्र येतो तो वादळ आले की, नाहीतर मासळी महागली की. परंतु डहाणूपासून वेंगुर्ल्यापर्यंत कोळी, गाबीत, खारवी, दालदी अशा कष्टकरी समाजांचे संसार ज्या पाण्यावर चालतात, त्या पाण्याचे ज्ञान कोण गोळा करतो, कोणाच्या हातांनी करतो आणि ते शेवटी कोणाच्या उपयोगी पडते, हा प्रश्न हक्काचा आहे. आणि हक्काचा प्रश्न आला की तो आपला झाला.

आधी ही वस्तू काय आहे ते पाहू. शास्त्रज्ञ जिला 'ड्रिफ्टर' म्हणतात, तो म्हणजे कलिंगडाहून थोडा मोठा असा प्लॅस्टिकचा गोळा. त्याच्या पोटात बॅटरी, पाण्याचे तापमान मोजणारे यंत्र आणि उपग्रहाला खबर देणारे यंत्र. खाली दोरीला टांगलेली लांब कापडी नळी, तिला बाजूंनी मोठमोठी भोके. ही नळी साधारण १५ मीटर खोलीवर राहते, म्हणून गोळा वाऱ्यामागे न धावता पाण्याच्या ओढीबरोबर जातो. इंजिन नाही, नांगर नाही. पुठ्ठ्यात बांधून आणतात आणि जहाजावरून हातानेच पाण्यात टाकतात. बांधणीची पट्टी पाण्यात विरघळते आणि बोया आपोआप मोकळा होतो. मग बॅटरी संपेपर्यंत, म्हणजे वर्ष-दीड वर्ष, आपण कुठे आहोत आणि पाणी किती गरम आहे हे तो कळवत राहतो. काही बोयांत हवेचा दाब मोजण्याचीही सोय असते. वादळाचा अंदाज बांधायला हा दाब फार मोलाचा, कारण भर समुद्रात कोणाची वेधशाळा नसते.

जगाच्या समुद्रांवर असे १२५० बोये एकाच वेळी चालू असावेत, हे ठरवलेले उद्दिष्ट सप्टेंबर २००५ मध्ये कॅनडातील हॅलिफॅक्स येथे समारंभपूर्वक पूर्ण झाले. आपल्या अरबी समुद्रातही हे काम नवे नाही. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने १९९० च्या दशकात हिंदी महासागरातील ड्रिफ्टरांच्या वाटा अभ्यासल्या आणि १९९९ मध्ये शेणॉय व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यावरून या महासागराच्या वरच्या थरातील प्रवाहांचे चित्र मांडले. पावसाळ्यात आपल्या किनाऱ्याजवळचे पाणी दक्षिणेकडे ओढते आणि हिवाळ्यात उलटून उत्तरेकडे जाते. आमचे नाखवे हे शेकडो वर्षे जाणतात. फरक इतकाच की त्यांनी ते लिहून ठेवले नाही. ज्याला लिहिता येते त्याचेच ज्ञान, बाकीच्यांचा नुसता अनुभव, ही वाटणी या देशात जुनी आहे. ती समुद्रावरही चालते.

उपग्रह वरून समुद्राचे तापमान पाहतो, पण ते खरे की खोटे हे ताडून पाहायला पाण्यात उतरलेला बोयाच लागतो. हैदराबादची इन्कॉइस ही सरकारी संस्था मच्छीमारांना मासळी कोणत्या पट्ट्यात मिळण्याचा संभव आहे ते कळवते, मराठीतूनही कळवते. हा सल्ला उपग्रहाने टिपलेल्या तापमानावर आणि पाण्याच्या रंगावर आधारलेला असतो. म्हणजे बंदरातल्या फलकावर जी माहिती लागते, तिच्या मागे कुठेतरी हा मुका गोळा उभा असतो.

आता हे बोये समुद्रात टाकतो कोण? संशोधनाची जहाजे मोजकी आणि समुद्र अफाट. म्हणून शास्त्रज्ञांना लोकांकडे जावेच लागते. व्यापारी जहाजांचे कप्तान आणि खलाशी वाटेत ठरलेल्या ठिकाणी बोये टाकतात, त्याचे भाडे घेत नाहीत. जगभरच्या जहाजांवर भारतीय खलाशी आहेत, त्यांत रत्नागिरीकडचेही पुष्कळ, तेव्हा या कामातले काही हात त्यांचेही असणारच. २००८ नंतर सोमाली चाच्यांच्या भयाने जहाजांनी वायव्य हिंदी महासागराची वाट टाळली, तेव्हा त्या भागातली निरीक्षणेही आटली. खलाशी गेला की शास्त्र आंधळे होते, याहून स्पष्ट पुरावा कोणता? पुढे शिडाच्या होड्यांच्या शर्यतींनाही या कामात ओढले गेले. २०१७-१८ च्या व्होल्वो ओशन रेसमधल्या होड्यांनी जिथे जहाजे फारशी जात नाहीत अशा दक्षिण महासागरात ड्रिफ्टर टाकले, आणि २०२०-२१ च्या वांदे ग्लोब शर्यतीत एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणाऱ्या काही खलाशांनीही अशी यंत्रे सोडली. आपल्या नौदलाच्या सहा महिला अधिकारी गोव्यात बांधलेल्या 'तारिणी'वरून २०१७-१८ मध्ये जगप्रदक्षिणा करून आल्या. त्यांच्याकडेही वाटेतल्या हवेची व लाटांची नोंद हवामान खात्याला देण्याचे काम होते.

ही लोकांची मदत घेण्याची रीत आजची नाही. १९०४ ते १९०६ या काळात इंग्लंडमध्ये जॉर्ज पार्कर बिडर नावाच्या शास्त्रज्ञाने उत्तर समुद्रात सुमारे हजार बाटल्या सोडल्या. बाटली तळाशी सरपटत जावी अशी तिची रचना होती. आत एक कार्ड. बाटली सापडली तर कुठे, केव्हा सापडली ते लिहून प्लिमथच्या संस्थेकडे पाठवा, तुम्हाला एक शिलिंग मिळेल, असे त्यावर छापलेले. ट्रॉलर ओढणाऱ्या मच्छीमारांनी निम्म्याहून अधिक बाटल्यांची कार्डे परत पाठवली आणि त्या समुद्राच्या तळचे पाणी कुठून कुठे वाहते हे त्यावरून सिद्ध झाले. त्यातली एक बाटली चुकली. ती २०१५ मध्ये जर्मनीच्या आम्रुम बेटावर सापडली. सापडणाऱ्यांनी कार्ड पाठवले, तर संस्थेने काय करावे? शिलिंग चलनातून कधीच गेले होते. संस्थेने जुने शिलिंग मुद्दाम विकत घेतले आणि पाठवून दिले. शंभर वर्षांपूर्वी दिलेला शब्द पाळला.

वकिलाच्या नजरेला ही गोष्ट फार बोलकी वाटते. हा करार आहे. तू माझे काम कर, मी तुला त्याचा मोबदला देईन. मच्छीमाराला 'जागरूक नागरिक व्हा' असा उपदेश नाही, त्याच्या कष्टाची किंमत कार्डावर छापलेली आहे. रक्कम लहान होती हे खरे, पण ती लिहिलेली होती.

अमेरिकेच्या नोआ या संस्थेने २००४ मध्ये शाळांसाठी 'ड्रिफ्टर दत्तक घ्या' असा उपक्रम सुरू केला. मुले आपल्या नावाची चिकटपट्टी बोयावर लावत, बोया समुद्रात पडला की त्याचा क्रमांक शाळेला मिळे आणि रोज तो कुठे पोहोचला ते नकाशावर मांडायचे. यातली आम्हाला आवडलेली गोष्ट म्हणजे अमेरिकन शाळेला दुसऱ्या देशातली एखादी शाळा जोडीदार म्हणून घ्यावी लागे. बोयाला सरहद्द नसते, तर तो शिकवणाऱ्या वर्गालाही का असावी? 'दत्तक' या शब्दाचे मात्र आम्हाला वावडे आहे. दत्तक घेणारा उदार आणि घेतलेला उपकृत, असा त्याचा वास येतो. गावे दत्तक घेणाऱ्या आपल्याकडच्या पुढाऱ्यांनी तो वास आणखी वाढवला आहे.

याहून खोल गेलेला प्रयोग अमेरिकेच्याच ईशान्य किनाऱ्यावर झाला. तिथे पिंजरे टाकून लॉबस्टर, म्हणजे मोठे शेवंड, पकडणारे मच्छीमार आहेत. २००१ पासून त्यांनी आपल्या पिंजऱ्यांना तापमापक बांधायला सुरुवात केली. तळाचे पाणी किती गरम आहे हे शास्त्रज्ञांनाही हवे होते आणि शेवंड केव्हा हलतात हे जाणण्यासाठी त्यांना स्वतःलाही. 'ईमोल्ट' या नावाने हे काम चालते. ते टिकले याचे कारण आमच्या मते यंत्रात नाही. मच्छीमारांच्या संघटना आणि त्यांची लॉबस्टर संस्था या कामात बरोबरीने बसल्या होत्या. नोंदी त्यांच्या पिंजऱ्यांच्या, म्हणून त्या नोंदींवर पहिला हक्क त्यांचा. त्याच भागात कॉलेजच्या मुलांनी लाकूड, कापड, नळ्या असे साधे सामान घेऊन स्वतः ड्रिफ्टर बांधले आणि मच्छीमारांनी ते आपल्या होड्यांवरून समुद्रात सोडले. बांधणारा विद्यार्थी, सोडणारा मच्छीमार, हिशेब मांडणारा शास्त्रज्ञ. विषारी शेवाळाची लाट किनाऱ्याकडे केव्हा येईल, अळ्या कुठे वाहत जातील, अशा पोटापाण्याच्या प्रश्नांसाठी हे बोये वापरले गेले. आपल्या आयटीआयमधल्या पोरांना हे जमणार नाही असे कोणी म्हणेल काय?

आणखी एक प्रकरण सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. ८ मार्च २०१४ रोजी मलेशियाचे एमएच ३७० हे विमान २३९ माणसांसह नाहीसे झाले. अब्जावधींची यंत्रे समुद्र धुंडाळत होती. पहिला तुकडा सापडला तो २९ जुलै २०१५ रोजी, रियुनियन बेटावर, आणि तो उचलला किनारा साफ करणाऱ्या एका कामगाराने. पंखाचा तो भाग होता. मग प्रश्न आला, सोळा-सतरा महिन्यांत तो तिथे पोहोचला तर निघाला कुठून? ऑस्ट्रेलियातील सीएसआयआरओ या संस्थेच्या शास्त्रज्ञांनी याचे उत्तर शोधताना गेल्या तीसेक वर्षांच्या ड्रिफ्टरांच्या नोंदी उघडल्या. ज्या बोयांची खालची कापडी नळी तुटून गेली होती, तेच इथे जास्त उपयोगी ठरले, कारण नळी गेली की बोया वाऱ्या-लाटांच्या तडाख्यात सापडून ढिगाऱ्यासारखाच वाहतो. मोडलेला बोयाही साक्षीदार होतो, तो असा! पुढे ब्लेन गिब्सन नावाचा अमेरिकन वकील, म्हणजे आमचाच व्यवसायबंधू, शास्त्रज्ञांना विचारून मोझांबिक-मादागास्करच्या किनाऱ्यांवर फिरला. त्याला आणि तिथल्या गावकऱ्यांना आणखी तुकडे मिळाले. विमान अजून सापडलेले नाही. पण जे काही कळले, ते सफाई कामगार, किनाऱ्यावरचे गावकरी आणि कधीकाळी कोण्या खलाशाने पाण्यात टाकलेले बोये यांच्यामुळे कळले. आपल्याकडे वर्सोव्याचा किंवा दादरचा किनारा पहाटे झाडणाऱ्या माणसाने असा तुकडा पुढे आणला असता, तर त्याचे म्हणणे कोणी ऐकून घेतले असते का, हा विचार आमच्या मनातून जात नाही.

कारण शास्त्राच्या वहीत या माणसाची नोंद कशी होते, ते पाहा. प्रत्येक ड्रिफ्टर मेला की तो कसा मेला याचा एक आकडा लिहितात. किनाऱ्याला लागला तर एक. होडीने उचलला तर दोन. आवाज बंद झाला तर तीन. होडीने उचललेला बोया ओळखू येतो, कारण तो एकाएकी सरळ रेषेत बंदराकडे धावू लागतो आणि त्याचे तापमान पाण्याचे न राहता हवेप्रमाणे दिवसा चढते, रात्री उतरते. आमचा मच्छीमार या साऱ्या विज्ञानात बहुतेक वेळा असा येतो. बोयाच्या मरणाचे कारण क्रमांक दोन.

नांगरून ठेवलेल्या मोठ्या बोयांचे गाऱ्हाणे याहून मोठे आहे. चेन्नईची एनआयओटी ही संस्था १९९७ पासून भारतीय समुद्रात असे बोये उभे करते. त्यांना होड्या बांधल्या जातात, सौरपट्ट्या आणि तारा काढून नेल्या जातात, अशी तक्रार शास्त्रज्ञ वर्षानुवर्षे करीत आहेत आणि ती खोटी नाही. बोया बंद पडला की वादळाची खबर देणारा एक डोळा मिटतो. नुकसान शेवटी दर्यावर जाणाऱ्याचेच. पण सरकारी कागदांत याला जो इंग्रजी शब्द वापरतात, त्याचा अर्थ विध्वंस. माणूस बोयाजवळ का जातो हे त्या शब्दात नाही. समुद्रात काहीही तरंगत राहिले की त्याच्या सावलीला मासळी जमते. नाखव्याला डिझेलचा खर्च सोसायचा आहे, तो तिथे जाणारच. त्याला नुसते 'हात लावू नका' म्हणून भागत नाही. बंदराबंदरांवर जागृतीच्या सभा होतात, पत्रके वाटली जातात, चांगलेच आहे. पण जागृती म्हणजे एकाने बोलायचे आणि दुसऱ्याने ऐकायचे. भागीदारी वेगळी.

काही वर्षांपूर्वी एका बंदरातले दोन खलाशी आमच्याकडे आले होते. त्यांच्या जाळ्यात असा एक बोया अडकून आला. तो त्यांनी प्रामाणिकपणे किनाऱ्यावर आणून दिला. बक्षीस राहिले बाजूला, संशयास्पद वस्तू कुठून आणली म्हणून दोन दिवस जबाब देत बसावे लागले. धंद्याचे दोन दिवस बुडाले, फाटलेल्या जाळ्याचे कोणी विचारले नाही. पुन्हा बोया दिसला तर काय कराल, असे आम्ही विचारले. "वकीलसाहेब, दोरी कापून सोडून देऊ," असे उत्तर आले. या उत्तराला विध्वंस म्हणायचे की अनुभव?

कायदा काय म्हणतो तेही पाहू. भारत ज्याचा सदस्य आहे त्या हिंदी महासागर ट्यूना आयोगाने २०११ मध्ये ठराव केला की, संशोधनाच्या बोयापासून एक सागरी मैलाच्या आत मुद्दाम मासेमारी करू नये, मग बोया नांगरलेला असो की तरंगता. हे झाले मच्छीमाराचे कर्तव्य. १९८२ चा समुद्रविषयक आंतरराष्ट्रीय करार भारताने १९९५ मध्ये मान्य केला. त्याच्या २४४ व्या कलमात सागरी संशोधनातून मिळालेले ज्ञान प्रसिद्ध करून पोचवण्याची जबाबदारी राष्ट्रांवर टाकलेली आहे. आमच्या माहिती अधिकार कायद्याच्या, म्हणजे २००५ च्या कायद्याच्या, कलम ४ मध्ये तर माहिती पोचवताना स्थानिक भाषा आणि त्या भागात सर्वांत परिणामकारक ठरणारे साधन लक्षात घ्यावे असे स्पष्ट लिहिले आहे. कर्तव्याचा ठराव बंदरावर पोहोचतो. हक्काची कलमे मात्र कार्यालयातच राहतात.

हे नुसते कागदी भांडण नाही. नोव्हेंबर २०१७ च्या अखेरीस ओखी वादळ आले. केरळ आणि तामिळनाडूचे मच्छीमार त्याआधीच कित्येक दिवसांच्या खेपेला खोल समुद्रात गेलेले होते. तीनशेहून अधिक माणसे मेली किंवा कायमची बेपत्ता झाली. वाचलेल्यांपैकी साठहून अधिक होड्या वाहत-झगडत आमच्या सिंधुदुर्गाच्या किनाऱ्याला लागल्या. किनाऱ्यावर इशारे निघाले, पण मोबाईलच्या टप्प्यापलीकडे असलेल्या माणसापर्यंत ते पोचवण्याची सोय नव्हती. त्यानंतर ऑक्टोबर २०१९ मध्ये 'जेमिनी' नावाचे यंत्र आले, त्यावर भर समुद्रात उपग्रहावरून इशारा मिळतो. मोठी गोष्ट झाली. पण तेही एकेरी. होडीवरून उत्तर देता येत नाही. वारा इथे वेगळा आहे, पाणी उलटे ओढते आहे, हे सांगण्याची सोय त्यात नाही. ज्याच्या अंगावर वादळ येते, त्याला बोलताच येत नाही.

जगातल्या ड्रिफ्टरांचा बराचसा भार अमेरिका उचलते. २०२५ च्या सुरुवातीला तिथल्या नोआमधून शेकडो कर्मचाऱ्यांना काढण्यात आले. दुसऱ्याच्या घरात चूल विझली तर आपले अन्न कच्चे राहील, अशी ही अवस्था. म्हणून आपल्या समुद्रावर आपली माणसे उभी करणे आता निकडीचे झाले आहे.

मागणी फार मोठी नाही. इन्कॉइस, एनआयओटी आणि गोव्याची संस्था यांनी बंदरावरच्या मच्छीमार सहकारी सोसायट्यांशी लेखी करार करावा. बोया सापडला तर कोणाला फोन करायचा, आणून देणाऱ्याला खेपेचा खर्च आणि जाळ्याची भरपाई किती, पावती कोण देईल, त्याला चोर समजून पोलिसांपुढे उभे केले जाणार नाही याची हमी कोणाची, हे मराठीत लिहिलेले असावे. होड्यांवर तापमापक द्यावेत आणि त्यांची नोंद आधी त्या होडीच्या मालकाला व खलाशांना मिळावी. किनाऱ्यावरच्या जिल्हा परिषद व पालिकेच्या शाळांना बोयांचे क्रमांक द्यावेत. या शाळांत नाखव्यांची आणि मासळी विकणाऱ्या आयांचीच मुले बसतात. वर्गातल्या नकाशावर बोया पुढे सरकेल, तेव्हा पाण्याची ओढ कोणत्या महिन्यात उलटते हे ती मुले शिक्षकालाच सांगतील.

पावसाळी बंदीत होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात, जाळी विणायला घेतलेली असतात आणि सोसायट्यांच्या सभाही याच दिवसांत होतात. येत्या सभेत हा विषय पत्रिकेवर घ्यावा. ठरावाचा आणि कराराचा मसुदा आम्ही फी न घेता लिहून देऊ. सोसायटीच्या सचिवाने सभेची तारीख तेवढी कळवावी.